बिनपानाचं कात्रण

१

सकाळी आठ ते अकरा मी कापतो. अकराला चहा घेतो आणि मग दुपारभर कापलेलं नुसतं बघत बसतो. लोकांना वाटतं, कोलाज म्हणजे चिकटवाचिकटवी. चिकटवणं हे शेवटच्या अर्ध्या तासाचं काम. त्याआधीचे दिवसच्या दिवस पुठ्ठ्यावर दोन कात्रणं शेजारीशेजारी ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी जमतंय का, याची वाट बघायची. नाही जमलं तर दोघं परत आपापल्या खणात. मुलाखतीला येणारे हमखास विचारतात, प्रेरणा कुठून मिळते? मी सांगतो, रद्दीवाल्याकडून, आणि तीही किलोवर. ते हसतात, पण मी काही खोटं सांगत नसतो.

माझ्याकडे आठ खणांचं एक लोखंडी कपाट आहे. हात, खुर्च्या, खिडक्या, आभाळ, जिने, कापडं, पाठमोरी माणसं आणि ‘इतर’. चेहऱ्यांचा खण नाही. चेहरे मी कापत नाही. एक चेहरा लावला की बघणारा बाकी चित्राकडे ढुंकूनही बघत नाही.

कात्रण कापलं की जे भोकाचं पान उरतं, ते मी फेकत नाही. कात्रणाच्या मागे पेन्सिलीनं एक आकडा घालायचा, तोच आकडा त्या पानावर, आणि पान फाईलमध्ये. ही खोड ताईची. ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले, आणि कापल्यावर उरलेली चिंधीसुद्धा कधी टाकली नाही. कात्री धरायलाही तिनंच शिकवलं. “कात्री एका जागी ठेव रे. फिरवायचा तो कागद.” असं कापलं की कडेला कुठं टोक राहत नाही. असं कापणारी माणसं मला दोनच माहीत आहेत, आणि ती दोघं एकाच घरात राहतात. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत ताई आणि तिचं शिलाईचं मशीन.

एका मंगळवारी खुर्च्यांच्या खणात एक कात्रण सापडलं. त्याच्या मागे आकडा नव्हता.

२

वेताची खुर्ची होती. डावा हात मोडलेला, आणि तो निळ्या चिंधीनं गुंडाळून बांधलेला. कापलेली आमच्याच पद्धतीनं, वेताच्या जाळीतली बारीक बारीक भोकंसुद्धा सोडवून घेतलेली. एवढं काम करून मी विसरलो असेन, यावर माझा विश्वास बसेना. पण वयाच्या साठीला माणसानं स्वतःवर किती विश्वास ठेवावा, हाही प्रश्नच आहे. मी फाईली काढल्या. दोन दिवस एकेक भोकाचं पान खुर्चीखाली धरून बघितलं. एकही जुळलं नाही.

मग भिंग घेतलं. छापील चित्र भिंगाखाली धरलं की त्याचे ठिपके होतात. लाल, निळे, पिवळे, काळे. कुठलंही मासिक घ्या, ठिपके सुटत नाहीत. या खुर्चीचे ठिपके होईनात. जितकं जवळ जावं तितकं आणखी दिसत होतं. वेतावरची धूळ दिसली. चिंधीच्या गाठीत अडकलेला एक लांब केस दिसला.

मी भिंग खाली ठेवलं आणि स्वतःला समजावलं की हा एखादा जुना फोटो असणार, कुठल्यातरी गठ्ठ्यातून आलेला. फोटोला ठिपके नसतात. एवढी साधी गोष्ट. मला लगेच बरं वाटलं.

शिवाय खुर्ची पुठ्ठ्यावर अशी बसली, की तीन आठवडे मुकं पडलेलं चित्र एकदम बोलायला लागलं. महिन्यावर प्रदर्शन आलेलं. अशा वेळी कोण चौकशा करत बसतो? खळ ढवळली आणि खुर्ची लावून टाकली.

शुक्रवारी पाचच्या चहाला मी ताईला म्हटलं, “तुझ्या त्या खुर्चीसारखीच एक सापडलीय बघ मला. अगदी चिंधीसकट.”

हे सांगायला हवं: आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ताई पंधराची. आईचा एकच फोटो होता, त्याला ओल लागून तो नुसता डाग झाला. त्यामुळे माझी आई म्हणजे ताईच्या तोंडची आई. चहाच्या वेळी मी काहीतरी विचारायचं आणि तिनं सांगायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा खेळ. त्याच सोमवारी मी विचारलं होतं, आई शिवायला कुठं बसायची गं? आणि ताईनं वेताची खुर्ची सांगितली होती, मोडका हात सांगितला होता, तो बांधायला स्वतःच्या निळ्या फ्रॉकची पट्टी फाडली तेही सांगितलं होतं.

ताईनं कप खाली ठेवला. “कुठली खुर्ची?”

“अगं, आईची. वेताची.”

“आपल्याकडे वेताची खुर्ची कधी होती?” ती म्हणाली आणि माझ्याकडे काळजीनं बघायला लागली. “तू दुपारचा झोपत जा थोडा, बाब्या.”

३

मी ते सोडून दिलं. म्हणजे सोडून दिलं असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात मी विचारलं, “आईचे हात कसे होते?”

ताई खुलली. उजवी करंगळी सरळ व्हायची नाही, म्हणाली. मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीचा चटका, होडीच्या आकाराचा. सुईनं टोचून टोचून पहिल्या बोटाचं टोक खरखरीत झालेलं, आणि तेच बोट ती ताप बघायला कपाळावर ठेवायची. “खरखरीत लागायचं. पण बरं वाटायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हातांचा खण उघडला. तो हात सगळ्यांत वर होता. करंगळी वाकडी.

मागे आकडा आहे का ते बघायला मी कात्रण उलटं केलं. कुठल्याही कात्रणाच्या मागे काहीतरी असतं. अर्धी जाहिरात, बातमीचा तुकडा, नाहीतर कोरा कागद. या कात्रणाच्या मागे तळवा होता. पुढून हाताची मागची बाजू, आणि मागून तळवा. रेषा, बोटांची पेरं, मनगटावर होडीच्या आकाराचा डाग. मी पुन्हा पुढून बघितलं. पुन्हा मागून. कागदाची जाडी नखावर घेऊन पाहिली, साध्या वहीच्या कागदाएवढीच होती. हात चटकन खणात टाकून मी खण लावला, आणि बराच वेळ त्या कपाटाकडे पाठ करायची मला भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ताई, आईची करंगळी वाकडी होती ना?”

“असेल बाबा. हातांसारखे हात. माझ्या काही लक्षात नाही.”

मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर आमचे जुने, घरच्यासारखे. त्यांनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितलं. ताईनं सगळं बरोबर सांगून वर त्यांच्या शर्टाची शिवण उसवलीय हेही दाखवून दिलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वयाचं आहे. घाबरू नका. बोलतं ठेवा त्यांना. जुन्या गोष्टी विचारत राहा.”

४

इथे मी स्वतःला पाठीशी घालणार नाही. दुसऱ्या कात्रणानंतर मला कळलं होतं. मी विचारतो, ती सांगते, सकाळी ते खणात असतं आणि तिच्यात नसतं. असं होऊ शकत नाही हे मला माहीत होतं, आणि असंच होतंय हेही माहीत होतं. दोन्ही एकाच डोक्यात आरामात राहू शकतात. डॉक्टरांनी विचारत राहायला सांगितलंय, असं म्हणत मी विचारत राहिलो.

आईचे केस. आई ज्या खिडकीशी उभी राहायची ती खिडकी. तिच्या चपला. एका पायाचा अंगठा घासून घासून चपलेला पडलेला खड्डा. ती बाहेरून आली की जिन्यावर पिशवी टेकवून थांबायची तो जिना. एकेक कात्रण यायचं आणि मी हावरटासारखं ते पुठ्ठ्यावर मांडायचो. प्रत्येकाच्या मागे त्याची मागची बाजू. खिडकी उलटी केली तर बाहेरून दिसणारी खिडकी, आत अंधार, आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात आतून टेकलेला एक लहानसा पंजा. तो कुणाचा, ते मी मनात येऊ दिलं नाही.

कलादालनाच्या बाई काम बघायला आल्या. नेहमी दहा शब्दांच्या ठिकाणी शंभर बोलणाऱ्या बाई पुठ्ठ्यापाशी वाकून एकेक कात्रण बघत गेल्या.

“हे तुमचं आजवरचं सगळ्यांत चांगलं काम आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण हे पूर्ण झालेलं नाही ना?”

“नाही.”

“मध्ये एक जागा सोडलीय तुम्ही. तिथे चेहरा येणार?”

“चेहरे मी कापत नाही,” मी म्हटलं. त्या वेळी लक्षात आलं की यातलं काहीच मी कापलेलं नव्हतं.

मला तो चेहरा हवा होता. प्रदर्शनासाठी नव्हे. माणूस साठ वर्षांचा होतो, केस पिकतात, लोक त्याला ज्येष्ठ वगैरे म्हणायला लागतात, आणि आपल्या आईचा चेहरा त्याला आठवतही नसतो. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. ताई, आई दिसायला कशी होती? सकाळी तो चेहरा खणात असता.

बाई गेल्यावर मी तोच प्रश्न ओठांवर घेऊन मागच्या खोलीत गेलो. ताई मशीनवर होती. पाय चालत होते, चाक फिरत होतं, हाताखालून कापड पुढे सरकत होतं. सुईत दोरा नव्हता. कापडावर नुसत्या भोकांची ओळ पडत चालली होती, सरळ, एकसारखी, आणि ताई ती कौतुकानं बघत होती.

मी काही न विचारता परत आलो, आणि त्या दुपारी मला माझी शिसारी आली.

५

पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला. आठही खणांना कुलूप लावलं, किल्ली खिशात. सकाळी आठला मी कापायला बसलोच नाही. चहाला ताईशी हवापाण्याचं बोलायचो, महागाईचं, शेजारच्या कुत्र्याचं. आई हा शब्द मी घरातून हद्दपार केला. उरलंय ते तरी तिच्याकडे राहू दे. तिच्याकडे राहिलं तरच आई कुठेतरी आहे, आणि ताई ताई आहे.

पाच दिवस खण रिकामे निघाले. म्हणजे त्यांत नवं काही नव्हतं. रोज कुलूप काढून बघायचो, आणि प्रत्येक वेळी हायसं वाटण्याआधी किंचित वाईट वाटायचं. हे मी लपवत नाही.

सहाव्या दिवशी ताईनं चहा अर्धाच प्यायला.

“हल्ली तू काही विचारत नाहीस.”

“काय विचारू?”

“नेहमी विचारायचास ते.” “कंटाळलास वाटतं म्हातारीला. मला सांगावंसं वाटतं रे. सगळा दिवस मी त्याचीच वाट बघते. नाही सांगितलं तर मग ते असंच जाईल.”

तिचे डोळे भरून आले होते. माझी ताई रडणाऱ्यांतली नाही. पंधराव्या वर्षी पदरात तीन वर्षांचं पोर पडलं तेव्हाही तिनं रडायच्या आधी उसवलेल्या बाह्या शिवून दिल्या म्हणे. मला ते बघवेना. काहीतरी विचारायलाच हवं होतं, आणि आईला हात न लावता विचारायला हवं होतं. मी झटकन विचार केला, आणि मला वाटलं, मी फार हुशारी केली. असं काहीतरी विचारावं जे माझंच आहे. जे तिच्याकडून गेलं तरी माझ्याकडे राहील.

“मी कसा होतो गं लहानपणी?”

ताई हसली. सगळ्या चेहऱ्यानं हसली. आणि दीड तास बोलत होती. मी मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगावर झोपायचो. मशीन चालू असेल तरच झोप लागायची. थांबलं की भोकाड. “मग मी काय करायचे? काम संपलं तरी नुसतंच चालवत बसायचे. दोरा काढून. दोरा फुकट कशाला घालवायचा!” उरलेल्या पडद्याच्या कापडाचा तिनं मला सदरा शिवला होता, पिवळा, त्यावर मोठी मोठी पानं, एक पान नेमकं पाठीवर आलेलं. मी ते पान दाखवायला रस्त्यात सगळ्यांना पाठ करून उभा राहायचो. मासिकातली चित्रं ती कापून द्यायची आणि मी ती भिंतीला थुंकी लावून चिकटवायचो. “तेव्हाच म्हटलं होतं मी, या पोराचं काही खरं नाही!”

आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. कितीतरी दिवसांनी घर घरासारखं वाटलं. यातलं मला स्वतःला काही आठवत नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडले. नवं काही नव्हतं. मी मोठा श्वास सोडला. ताई चहाला आली, मला बाब्या म्हणाली, बिस्किटं मऊ पडलीत म्हणून दुकानदाराच्या नावानं ओरडली. सगळं ठीक होतं. मी इतका खूश झालो, की पुठ्ठा सरळ करून त्यावरची मधली जागा एखाद्या आभाळाच्या तुकड्यानं भरता येईल का, ते बघत बसलो.

दुपारी तीनच्या सुमाराला मागच्या खोलीतून आवाज आला. मशीनचा नव्हता.

कात्रीचा होता. पण कात्री कापडात चालते तेव्हा तिचा आवाज लांब असतो, कर्र करून. हा आवाज बारीक होता, थांबून थांबून येणारा. कुरतडल्यासारखा. वळणावर कापताना असा येतो. तो मी जन्मभर ऐकलाय. माझ्याच हातून येतो.

ताईकडे कागद कुठून आला, असा विचार करत मी उठलो. तेवढ्याशा पॅसेजमध्ये मी दोनदा थांबलो. वाटलं, परत जावं. पुठ्ठ्यावर आभाळ पसरलेलं आहे, जाऊन ते लावावं. दार अर्धवट लोटलेलं होतं. मी फटीतून बघितलं.

ताई खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. उजेड तिच्या अंगावर होता, त्यामुळे मला चुकीचं दिसलं असं म्हणता येत नाही. उजव्या हातात बारकी कात्री, एका जागी धरलेली. डावा हात हळूहळू फिरत होता, कागद फिरवावा तसा, वळणावर थांबत, पुन्हा फिरत. त्या हातात काही नव्हतं. तिच्या तोंडासमोर, कपाळापासून वीतभर अंतरावर, नुसती हवा होती आणि कात्री ती कापत होती. ताईचे डोळे अगदी एकाग्र होते. जिभेचं टोक दातांत धरलेलं, काजं करताना धरायची तसं.

मग कात्रीच्या पात्याखाली एक कड दिसली. पिवळी. ती लोंबली, सरकली, आणखी थोडी खाली आली. तिच्यावर मोठ्या पानाचा तुकडा होता. अजून सगळं सुटलं नव्हतं. वरच्या बाजूला, मानेपाशी, ते कशाला तरी धरून होतं. कशाला, ते मला दिसलं नाही. तिथे बघितलं की डोळे आपोआप बाजूला जात होते.

मी दार ढकललं. “ताई, थांब! ते नको कापू!”

तिनं वर बघितलं नाही. “हलवू नकोस रे,” ती पुटपुटली. “वाकडं जाईल. एवढं एकच राहिलंय तुला द्यायचं.”

“मला नको. ताई, मला काही नको. असू दे ते तुझ्याकडेच.”

मी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. धरायला नको होतं. माझ्या हाताच्या दाबानं कात्री मिटली.

इतका हलका आवाज झाला, की मशीन चालू असतं तर तो ऐकूही आला नसता. काहीतरी तिच्या मांडीवर पडलं. एक लहान मूल, वीतभर उंचीचं, पाठमोरं, पिवळ्या सदऱ्यातलं.

मी तिचं मनगट सोडलं. ताईनं कात्री बाजूला ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. घाबरली नाही. रागावलीही नाही. दारात नवं गिऱ्हाईक आलं की चाळीस वर्षं जशी बघायची, तसं बघितलं, नम्रपणे आणि खांद्याच्या मापाचा अंदाज घेत.

“या ना, बसा,” ती म्हणाली. “उभे का?”

मी बसलो.

तिनं मांडीवरचं कात्रण उचललं, दोन बोटांत धरून उजेडात नीट बघितलं, उलटं केलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. मग ते माझ्यापुढे केलं. “हे तुमचं पडलं वाटतं इथे.”

“हो,” मी म्हटलं. “माझंच.”

“गोड पोर आहे. नाव काय त्याचं?”

मी नाव सांगितलं. तिनं ते एकदा हळूच उच्चारून पाहिलं, आणि म्हणाली, “छान आहे. कुणी ठेवलं?”